एसएसडी टाकली तरी कॉम्प्युटर उशिरा सुरू होतो? आधी घड्याळ लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डीटीपीचं काम, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईसाठी पत्रिका-मजकूर मांडायचं. बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय थ्री, ८ जीबी रॅम. जुनी १ टीबीची हार्ड डिस्क रखडायला लागली म्हणून ४८० जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, साटा केबलने जोडायची डिस्क) घेतली. श्रीलिपी, कोरल, शेकडो फॉन्ट पुन्हा टाकत बसायला नको म्हणून विंडोज १० जसंच्या तसं क्लोन करून घेतलं. जुनी डिस्क डेटासाठी आतच ठेवली. आता कोरल चटकन उघडतं, पण सकाळी बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत अडीच मिनिटं जातात. पूर्वी दीड मिनिट लागायचं. मदरबोर्डचा लोगो बराच वेळ तसाच राहतो, मग विंडोजचे ठिपके गोल गोल फिरत बसतात. एसएसडी खराब निघाली का? दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा.

फॉरमॅट मारू नका, निदान आज तरी. आणि एसएसडीला दोष द्यायची घाई नको. कोरल चटकन उघडतंय, म्हणजे ती तिचं काम करते आहे.

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून एक दांडी इकडून तिकडे जाते. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पोचून वाचायला तिला साधारण १० ते १५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर-एक वेगवेगळ्या जागा झाल्या. साध्यातली साधी साटा एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो जागा वाचते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचाव्या लागतात, त्यामुळे हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली की वाचण्याचा वेळ कमीच होतो. तरीही एकूण वेळ वाढला असेल, तर तो वाचण्यात गेलेला नाही. तो वाट बघण्यात गेलाय. सुरू होताना मशीन प्रत्येक जोडलेल्या वस्तूला ‘आहेस का?’ असं विचारतं आणि उत्तर येईपर्यंत ठरलेला वेळ थांबतं. तुमच्या मशीनमध्ये कोणीतरी उत्तर देत नाहीये, किंवा फार सावकाश देतंय. ते कोण, एवढंच शोधायचंय.

त्यासाठी मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. माझ्याकडे असं मशीन आलं की स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मी हेच करतो. मात्र त्याआधी विंडोजमध्ये जाऊन शट डाउन न करता रिस्टार्ट द्या आणि स्क्रीन काळी झाली की घड्याळ सुरू करा. कारण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तुम्ही शट डाउन करता तेव्हा विंडोजचा गाभा खरंच बंद होत नाही. तो डिस्कवर जसाच्या तसा गोठवून ठेवला जातो आणि सकाळी पुन्हा उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली ‘अप टाइम’ लिहिलेला असतो, तो बघा. रोज रात्री मशीन बंद करणाऱ्याच्याही तिथे वीस-बावीस दिवस दिसतात. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी अडकलेला ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) अजून तसाच फिरतोय. खरा वेळ रिस्टार्टमध्येच कळतो.

आता चार आकडे लिहून घ्या. स्क्रीन काळी झाल्यापासून मदरबोर्डचा लोगो जाईपर्यंत किती. तिथून विंडोजचे ठिपके थांबेपर्यंत किती. पासवर्डची स्क्रीन आल्यावर, पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत किती. आणि डेस्कटॉप दिसल्यावर माउसला खरा जीव येईपर्यंत किती. पहिला टप्पा पूर्णपणे बायोसचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमचा. तिथे विंडोज अजून जागंच झालेलं नसतं, त्यामुळे तिथे जाणारा वेळ फॉरमॅट मारून एक सेकंदानेही कमी होणार नाही. दुसरा टप्पा ड्रायव्हरचा आणि डिस्कचा, तिसरा-चौथा तुमच्या लॉगिनचा आणि त्याबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमचा. नव्या यूईएफआय (बायोसची नवी पिढी) मशीनवर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ आयताच मिळतो. तुमच्या जुन्या पद्धतीने सुरू होणाऱ्या बोर्डवर तो बहुधा दिसणार नाही, म्हणून हाताने मोजायचं.

आकडा दर वेळी नेमका ३० सेकंद येत असेल, तर आनंद माना. नेमका गोल आकडा म्हणजे कुठेतरी ठरवून ठेवलेला थांबा. बिघाड असेल तर आकडा दर वेळी बदलतो, एकदा ४०, एकदा ७५. तुम्ही लिहिलंय की लोगोही थांबतो आणि ठिपकेही. दोन्ही टप्प्यांत हजर असणारा आणि दोघांनाही थांबवू शकणारा इसम तुमच्या कॅबिनेटमध्ये बहुधा एकच आहे: ती जुनी हार्ड डिस्क.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, कॅबिनेटचं झाकण काढा. जुन्या डिस्कला दोन केबल आहेत: रुंद चपटी एसएमपीएसकडून (पॉवर सप्लायच्या डब्याकडून) येणारी पॉवरची, आणि तिच्या शेजारची अरुंद साटा केबल. दोन्ही काढा. एसएसडीच्या केबलला हात लावू नका. आता चालू करा आणि पुन्हा मोजा.

इथे दोनपैकी एक गोष्ट होण्याची शक्यता जास्त. एक, मशीन वीस-पंचवीस सेकंदांत डेस्कटॉपवर येईल. चोर सापडला. दोन, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येईल. घाबरू नका, एसएसडीवरचं काही गेलेलं नाही. यातूनही फार मोलाची गोष्ट कळली आहे. तिच्याकडे पुढे येतो. आणि काहीच फरक पडला नाही, तर पुढे सांगितलेल्या बाकीच्या गोष्टी तपासा.

आधी पहिली शक्यता. डिस्क काढल्यावर वेग आला, तर ती डिस्क आजारी आहे असं धरून चला. एसएसडी घ्यायची वेळ आली तीच मुळात डिस्क रखडत होती म्हणून, हे विसरू नका. लोकांना वाटतं, विंडोज तिच्यावरून हलवलं की तिला विश्रांती मिळाली. पण बायोस रोज सकाळी तिलाही विचारतो. निरोगी डिस्क साधारण पाच ते दहा सेकंदांत पूर्ण वेगाने फिरायला लागते आणि ‘तयार’ म्हणते. थकलेली डिस्क फिरते, अडखळते, पुन्हा फिरते. मी एक जुनी पद्धत वापरतो: झाकण उघडं ठेवून चालू करायचं आणि डिस्कच्या कडेला बोट टेकवायचं, खालच्या हिरव्या पाटीला नाही. नीट डिस्कची थरथर एकदा चढते आणि एकसारखी राहते. आजारी डिस्कमध्ये थरथर चढते, मग आतून ‘टक्’ असा झटका बोटाला जाणवतो, थरथर उतरते, पुन्हा चढते. तीन-चार वेळा असं झालं तर बायोसचा लोगो का अडलाय याचं उत्तर बोटालाच मिळतं.

बोटावर विश्वास नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत टूल टाका. वरचा ‘गुड’ किंवा ‘कॉशन’ हा रंगीत डबा बघून थांबू नका. खालच्या यादीत ०५, सी ५, सी ६ आणि सी ७ या चार ओळी शोधा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). सी ५ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही असे सेक्टर, आणि मशीन रखडवण्यात हेच सगळ्यात पुढे, कारण डिस्क त्यांच्यावर पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहते. सी ६ म्हणजे दुरुस्त करता न आलेले. शेवटच्या रकान्यातले आकडे हे टूल मुळात षोडशमान पद्धतीत दाखवतं, त्यामुळे आकड्यांत मध्येच इंग्रजी अक्षरं दिसली तर गोंधळू नका. शून्य नाही एवढं कळलं तरी पुरे.

सी ७ मात्र वेगळं प्रकरण. तो आकडा वाढत असेल तर डिस्क बहुतेक चांगली आहे, साटा केबल खराब आहे. एसएसडीचीही ही ओळ बघा, टूलच्या वरच्या पट्टीत दुसरी डिस्क निवडता येते. एसएसडी बसवताना कॅबिनेटमध्ये पडलेली जुनी, खटका नसलेली केबल लावली जाते, ती अर्धवट निसटते, आणि मशीन प्रत्येक चुकलेला निरोप पुन्हा मागवत बसतं. नवी, खटक्याची केबल लावा आणि बघा. नव्या एसएसडीवर संशय घेऊन ती बदलून मागायला निघालेल्या कितीतरी जणांना मी आधी केबल बदलायला लावली आहे.

विंडोजकडेही साक्ष असते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. सकाळच्या सुरू होण्याच्या वेळेच्या आसपास ‘डिस्क’ या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसतात का? ७ म्हणजे खराब ब्लॉक लागला, १५३ म्हणजे वाचन जमलं नाही म्हणून पुन्हा करावं लागलं. १२९ क्रमांकाची नोंद दिसली तर कंट्रोलरने उत्तर न देणाऱ्या डिस्कला रिसेट मारला. ७ आणि १५३ च्या नोंदीत डिस्कचा क्रमांक असतो, शून्य की एक. तो डिस्क मॅनेजमेंटमधल्या क्रमांकाशी जुळवला की कोण बोलत नाहीये हे नावानिशी कळतं.

आता दुसरी शक्यता: जुनी डिस्क काढली आणि मशीन सुरूच झालं नाही. क्लोन करताना सी ड्राइव्ह एसएसडीवर आला, पण विंडोजला उठवणारा छोटा भाग जुन्या डिस्कवरच राहिला. डिस्क पुन्हा जोडा, मशीन चालू करा, स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी दिसते. सी ड्राइव्हच्या चौकटीत ‘बूट’ लिहिलेलं असेल. ‘सिस्टिम’ हा शब्द कुठे आहे ते शोधा. तो जुन्या डिस्कवरच्या १०० किंवा ५०० एमबीच्या चिमुकल्या चौकटीत असेल, तर रोज सकाळी तुमचं मशीन आधी म्हाताऱ्याला उठवतं, त्याच्याकडून किल्ली घेतं आणि मग एसएसडीचं दार उघडतं. (मायक्रोसॉफ्टने ही नावं उलटी ठेवली आहेत. उठवणारा भाग तो ‘सिस्टिम’, आणि विंडोज जिथे आहे तो ‘बूट’. शिकाऊ पोरांना हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.)

दुरुस्ती अवघड नाही, पण आधी कामाच्या फायलींचा बॅकअप पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशीनवर घ्या. तुमच्यासारख्या जुन्या, एमबीआर पद्धतीच्या (डिस्कचे भाग नोंदायची जुनी पद्धत) डिस्कवर असं करायचं: डिस्क मॅनेजमेंटमध्ये एसएसडीवरच्या सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘मार्क पार्टिशन ॲज ॲक्टिव्ह’ द्यायचं. हा पर्याय पुसट दिसत असेल आणि सीच्या चौकटीत ‘ॲक्टिव्ह’ आधीच लिहिलेलं नसेल, तर तुमची डिस्क बहुधा जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची आहे. तिथे ही पद्धत लागू नाही, थांबा. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीबूट ही कमांड द्यायची. तिच्यापुढे दोन गोष्टी सांगाव्या लागतात: सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरचा पत्ता, आणि ‘एस’ या स्विचपुढे फायली जिथे ठेवायच्या तो ड्राइव्ह, म्हणजे पुन्हा सीच. ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ असं उत्तर आलं की मशीन बंद करून जुनी डिस्क काढा आणि चालू करून बघा. कमांडची धास्ती वाटत असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून सुरू करून, जुनी डिस्क काढलेली असतानाच, ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मधलं स्टार्टअप रिपेअर चालवा. एका फटक्यात जमलं नाही तर पुन्हा चालवा. कधी कधी दोन-तीन फेऱ्या लागतात.

बायोसमध्ये गेलात की बूट ऑर्डर, म्हणजे कशावरून आधी सुरू व्हायचं तो क्रमही बघून घ्या. एसएसडी पहिल्या नंबरवर हवी. नेटवर्क बूट बंद हवं, नाहीतर मशीन आधी लॅनच्या केबलमधून कोणी विंडोज पाठवतंय का याची वाट बघतं. आणि एकदा मागचे सगळे यूएसबी काढून, फक्त कीबोर्ड-माउस ठेवून मोजा. डीटीपीवाल्यांच्या मशीनमागे प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, कार्ड रीडर आणि विसरलेला एक पेन ड्राइव्ह असा सगळा गोतावळा असतो. बायोस प्रत्येकाला नमस्कार करत पुढे जातो.

एच ६१ म्हटल्यावर आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. या काळातल्या पुष्कळ बोर्डांचं बायोस साटा पोर्ट ‘आयडीई’ पद्धतीने चालवायचं. ही पद्धत जुन्या डिस्कच्या जमान्यातली: एका वेळी एकच मागणी, ती पुरी झाली की दुसरी. ‘एएचसीआय’मध्ये डिस्कपुढे एका वेळी ३२ मागण्यांची रांग लावता येते, आणि एसएसडीला तेच आवडतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आयडीई एटीए’ने सुरू होणारा गट उघडा. आत ‘एएचसीआय कंट्रोलर’ असं दिसलं तर ठीक आहे, पुढे चला.

नसेल, तर थेट बायोसमध्ये जाऊन बदलू नका. बदललंत तर निळी स्क्रीन येईल, ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’, कारण विंडोजने एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला उचलायचा नाही असं ठरवून ठेवलेलं असतं. त्याला सेफ मोडमधून (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज सुरू करायची सोय) फसवावं लागतं. रनमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, ‘बूट’च्या पानावर ‘सेफ बूट’ला टिक करा, रिस्टार्ट द्या, वाटेत डिलीट दाबून बायोसमध्ये जा, साटा मोड एएचसीआय करा, एफ १० दाबून बाहेर या. सेफ मोडमध्ये विंडोज नवा ड्रायव्हर स्वतः शोधून घेतं. मग एमएसकॉन्फिगमधली टिक काढून पुन्हा रिस्टार्ट. हे करण्याआधी अकाउंटचा खरा पासवर्ड आठवतोय ना हे बघा. रोज चार आकडी पिन टाकणाऱ्यांची सेफ मोडच्या दारात अडचण होते, तिथे पिन चालेलच असं नाही.

हे सगळं करूनही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होऊ शकतात. एका पतसंस्थेचं मशीन माझ्याकडे आलं होतं. एसएसडी टाकून महिना झाला होता, दुसरीकडे दोनदा फॉरमॅट झालं होतं. सकाळी निळी स्क्रीन, मग विंडोजची आपोआप दुरुस्ती चालू, मग कोणीतरी बायोसमध्ये काहीतरी करायचं आणि मशीन दिवसभर झकास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या टेबलावर आल्यावर मी चालू केलं तर पहिल्याच स्क्रीनवर ‘एफ १ दाबा’, आणि बायोसचं घड्याळ जानेवारी महिन्यात, तेही मशीन बनलं त्या वर्षीच्या. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, संपला होता. शिपाईमामा संध्याकाळी जाताना भिंतीवरचं बटण बंद करायचे, अगदी शिस्तीने. वीज गेली की बायोस सगळं विसरायचं आणि सकाळी साटा पुन्हा आयडीईवर. तीन व्होल्टचा सेल मल्टिमीटरवर दोनच्या आसपास आला होता. सेल बदलला, एएचसीआय केलं, एक रात्र प्लग काढून ठेवलं, सकाळी चालू केलं. मशीन अजून चालू आहे.

तुमचं मशीनही त्याच वयाचं आहे. विंडोजचं घड्याळ सकाळी चुकीची वेळ दाखवून इंटरनेट आल्यावर सुधारत असेल, तर आधी सेल बदला.

आता उरलेल्या किरकोळ गोष्टी, ज्या कधी कधी किरकोळ नसतात. क्लोननंतर किंवा पुन्हा विंडोज टाकल्यावर निळ्या स्क्रीनवर दोन विंडोजची नावं येतात का? ती स्क्रीन कोणी काही निवडलं नाही तर ३० सेकंद थांबते; मघाशी म्हटलेला गोल आकडा बहुतेक वेळा हाच असतो. एमएसकॉन्फिगच्या बूट पानावर जुनं नाव काढा किंवा टाइमआउट ३ करा. मात्र तिथेच ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये प्रोसेसरची संख्या निवडायची सोय आहे, तिला हात लावू नका. तिथे ४ निवडलं की मशीन जोरात पळतं असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत; ती मर्यादा घालायची सोय आहे, वेग वाढवायची नाही.

ठिपक्यांखाली ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह’ असं येत असेल तर कुठल्या ड्राइव्हचं नाव आहे ते वाचा. तुमच्या बाबतीत ते डी असण्याची शक्यता जास्त, म्हणजे पुन्हा तीच जुनी डिस्क.

पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) आणि डेस्कटॉप कुठे आहेत ते पाहा. ‘एसएसडी झिजू नये’ म्हणून काही जण पेज फाइल डीवर टाकतात. फॉरमॅटच्या वेळी काम वाचावं म्हणून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स डीवर नेऊन ठेवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. दोन्हींचा परिणाम एकच: विंडोज एसएसडीवर, आणि लॉगिन होताना नजर जुन्या डिस्ककडे. पेज फाइल सीवर घ्या, एसएसडी त्याने झिजून मरत नाही. दुकानात दोन मशीन असतील आणि दुसऱ्याचा फोल्डर इथे झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असेल, तर सकाळी दुसरं मशीन बंद असताना हे त्याला हाका मारत बसतं. त्या मशीनवरच्या फायलींचे शॉर्टकट डेस्कटॉपवर असतील तर त्यांचे आयकॉन काढण्यासाठीही थांबतं. झेड डिस्कनेक्ट करून एकदा मोजा. फॉन्टचंही तसंच. दोन-तीन हजार फॉन्ट एकाच वेळी बसवलेली मशीन मी बघितली आहेत. पत्रिकेला त्यातले पंधरा लागतात. बाकीचे फोल्डरमध्ये ठेवा, लागेल तेव्हा बसवा.

चौथा टप्पा, म्हणजे डेस्कटॉप आल्यावरची रखडपट्टी, जास्त असेल तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावरून नको ते बंद करा. कोण किती खातं हे नेमकं हवं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’, ‘ऑपरेशनल’ अशी वाट आहे. १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू व्हायला लागलेला एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो, १०१ मध्ये उशीर करणारा प्रोग्रॅम, १०२ मध्ये ड्रायव्हर, १०३ मध्ये सर्व्हिस, नावासकट. फॉरमॅट मारण्याआधी ही चार पानं वाचली तर निम्मे फॉरमॅट वाचतील.

एच ६१ वर साटाचे पोर्ट ३ गिगाबिटचेच आहेत, त्यामुळे खोक्यावर छापलेला ५०० च्या वरचा एमबीचा वेग तुम्हाला दिसणार नाही, साधारण अडीचशे-पावणेतीनशे दिसेल. त्याचं दुःख करू नका. सुरू होताना छोट्या छोट्या फायलींचं काम असतं, तिथे या फरकाने फार तर सेकंद-दोन सेकंद इकडचे तिकडे होतील. तेवढ्यासाठी बोर्ड बदलायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. हेच क्लोन विंडोज एक्सपीच्या काळात पार्टिशन केलेल्या डिस्कवरून आलं असेल तर पार्टिशनची सुरुवात ६३ व्या सेक्टरवर अडकलेली असू शकते, आणि एसएसडीला ती तिरकी पडते. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये डिस्कखाली ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ बघा. ४०९६ ने भाग गेला तर विषय संपला. व्हिस्टापासून पुढे सुरुवात १०,४८,५७६ बाइटवर होते, तिथे भाग जातोच.

दोष एसएसडीचा असूच शकत नाही असं मी म्हणत नाही. सॅमसंगच्या ८४० इव्होमध्ये जुना डेटा वाचताना वेग पडायचा, त्यासाठी कंपनीने २०१४ मध्ये नवं फर्मवेअर (एसएसडीच्या आतला प्रोग्रॅम) काढलं आणि २०१५ मध्ये पुन्हा एकदा. तुमच्या एसएसडीच्या कंपनीचं टूल टाकून फर्मवेअर नवं आहे का ते बघणं चुकीचं नाही. ड्राइव्ह काठोकाठ भरू नका, पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवा. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये तिच्यापुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय ना, तेवढं बघा. क्लोननंतर तिथे चुकून हार्ड डिस्क असं दिसलं तर विंडोज ट्रिमऐवजी (एसएसडीला मोकळी जागा कळवण्याऐवजी) डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे तुकडे हलवून जुळवायला बसेल.

कोणी लिनक्स वापरत असेल आणि डिस्क बदलल्यावर ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत दीड मिनिटाचं घड्याळ फिरत असेल, तर काढलेल्या डिस्कवरचं स्वॅप किंवा पार्टिशन अजून एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) लिहिलेलं आहे. ती ओळ काढा.

फॉरमॅटबद्दल माझं मत असं: जुनी डिस्क काढून, केबल बदलून, सेल आणि एएचसीआय बघूनही दुसरा टप्पा लांबलाच, तर स्वच्छ विंडोज टाकणं बरोबर. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमच्या पिढीचा आय थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, हेही त्या वेळी विचारात घ्यावं लागेल. पण पहिला टप्पा लांबत असेल तर फॉरमॅट म्हणजे ताप आलाय म्हणून कपडे बदलणं.

माझा अंदाज जुन्या डिस्कवरच आहे. सी ५ मध्ये आकडा दिसला तर तिला पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवू नका. विकतचं यूएसबी केस घ्या, ३.५ इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर असलेलंच लागतं, आणि मशीन सुरू झाल्यावरच जोडा. आधी चालू हंगामातल्या पत्रिका आणि ग्राहकांचे फोटो काढा, मग जुनी वर्षं, सिनेमे आणि गाणी शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा. एकाच फाइलसाठी तिला तासभर फिरवत ठेवाल, तर बाकीच्या फायली काढायच्या आधीच ती बसेल.